राख देणारा खोका

दारात ही गर्दी! कुणी फुलं आणलेली, कुणी आजारी पोर. आणि ओट्यावर कुलूपमहाराज ओरडत होते, "अग्नीविना ऊब! चितेविना राख!"

हा बुवा गेल्या वर्षापर्यंत कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करायचा. माझ्या ट्रंकेचं कुलूप उघडायला दिलं, तर झाकण तोडून आणलं आणि वर म्हणाला, "कुलूप शाबूत आहे, आजी!"

आम्ही हे बघत होतो खिडकीच्या गजांतून. मी आणि नातसून आत, बाहेरून कुलूप. त्याचंच.

झालं असं. बाजारच्या साबणाने नातसुनेचे हात फुटायचे, म्हणून तिने पहिल्यांदाच घरी साबण केला. पाण्यात कॉस्टिक सोडा, ते पाणी तेलात, मग हात दुखेपर्यंत घुसळणं. मधाएवढं दाट झालं तसं खोक्यात ओतलं, खोका रजईत गुंडाळला, तिच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. वरून झाकायचं तेवढं विसरली.

माझी सून, म्हणजे तिची सासू, चादर काढायला गेली. खोक्याला हात लागला, तर गरम! चूल नाही, वीज नाही. सकाळी बघते तर वर पांढरी राख! नातसून काही सांगेपर्यंत सुनेने बोलावलेले महाराज घरात.

"हिच्या अंगी शक्ती उतरली आहे. वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला, तर घरचा कर्ता पुरुष..." वाक्य मुद्दाम अर्धंच सोडलं मेल्याने. माझा मुलगा नुकताच हॉस्पिटलातून आलेला. सून पांढरीफटक पडली. मी नातसुनेला चहा द्यायला तिच्या खोलीत गेलेली, तेवढ्यात बाहेरून कडी लागली, कडीला कुलूप.

"म्हातारी राहू दे सेवेला," महाराज म्हणाले.

सोमवारी नातसुनेला नर्सिंगच्या कोर्सला हजर व्हायचं होतं. नाहीतर जागा दुसरीला.

"आई, अहो साबण आहे तो!" ती गजांतून ओरडायची.

"शक्ती आपली परीक्षा बघते आहे," महाराज म्हणायचे. गप्प बसली की, "मौन धरलं!" रडली, तर कुणीतरी खिडकीखाली वाटी धरली. काय करेल बिचारी?

महाराज खिडकीतून राख मागून घ्यायचे आणि वाटायचे. "कपाळ चुरचुरतं हो," एकजण म्हणाला. "शक्ती शिरते आहे, बाळा!"

"आजी," नातसून हळूच म्हणाली, "कच्च्या साबणाला जीभ लावली की चटका बसतो. साबण करणारे तसंच तपासतात."

मग काय! रविवारी सकाळी मी केस सोडले, डोळे फिरवले आणि गज धरून घुमायला लागले. "सात समुद्र पिऊन आलेय मी! ढेकरसुद्धा दिला नाही! महाराजांनी आधी स्वतः चाखावं, नाहीतर त्यांच्या दाढीचा साप होईल!"

"चाखा, महाराज!" गर्दी ओरडली. "अमृतच आहे ना!"

मी राखेसकट एक तुकडा गजांतून पुढे केला. महाराजांनी जीभ लावली आणि टुणकन उडाले. "पाणी! पाणी!" पाण्याची चूळ भरली, तर दाढीवर फेसच फेस.

"महाराजांच्याही अंगात आलं!" मागून एकजण भक्तीने ओरडला.

पण सून त्या फेसाकडे बघत राहिली. जन्मभर धुणं धुतलेली बाई ती. खाली पडलेला तुकडा तिने उचलला, नळाखाली हातावर चोळला, वास घेतला.

"अगं, हा तर साबण!"

"तेच तर सांगतेय, आई," नातसून म्हणाली. "सोडा आणि तेल मिळून साबण होतो, तेव्हा आपोआप गरम होतं. रजईने ऊब टिकली. मी वरून झाकलं नाही, म्हणून उरलेल्या सोड्याला हवा लागली आणि पांढरा थर आला. हवं तर आजच पुन्हा करून दाखवते, सगळ्यांसमोर."

सुनेने महाराजांपुढे हात पसरला. "किल्ली."

"पण कर्ता पुरुष..."

"त्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. किल्ली!"

माझ्या अंगात काय येणार? संधिवात येतो फक्त. तुम्हाला सांगते, कुणी घाबरवून दार लावायला सांगितलं, तर आधी तुकडा हातावर चोळून बघा, करणाऱ्याला विचारा. कारण सापडतं.

सोमवारी नातसून वेळेवर गेली. साबणाच्या वड्या मी खिडकीत मांडल्या. पक्क्या व्हायला त्यांना महिनाभर मोकळा वारा लागतो म्हणे. साबणाला लागतो, मग माणसाला नको?