आधी थोरल्याचं

आमच्या आबांनी दोन पोरांना दोन तऱ्हेचं शिक्षण दिलं आणि दोघांचंही वाटोळं केलं. हे मी रागानं म्हणते आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझा थोरला भाऊ सार्थक शिरूरच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत जायचा. गळ्यात टाय, पायात बूट, आणि कवठ्याच्या आमच्या मळ्यापर्यंत न्यायला येणारी जीप. मी गावातल्या झेडपीच्या शाळेत, चालत. सातवी झाली तसे आबा म्हणाले, "शितल, लई झालं आता. शिकायचंच आसंल तर घरी बसून शिक."

घरी बसून म्हणजे झेंडूच्या सरीत वाकून. बसायला कधी मिळालंच नाही.

तरी शिकले. आमचे हौशीराम गुरुजी रिटायर होऊन गावातच राहत होते. ते वरच्या वर्गांची जुनी पुस्तकं आणून द्यायचे, रविवारी ओसरीवर बसून गणितं घालायचे. "शाळंत न जाता बी दहावीला बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा," ते सांगायचे. दहावी झाली की नर्सच्या कोर्सला जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. आईला तेवढं सांगितलं होतं.

फॉर्म भरायचं वर्ष आलं आणि सार्थक दहावीला नापास झाला. त्याच्या शाळेनं त्याला दरवर्षी वर ढकललं होतं, बोर्डानं तेवढी माया दाखवली नाही.

गुरुजी फॉर्म घेऊन आले. आबांनी हात जोडले.

"गुरुजी, आधी थोरल्याचं होऊ द्या."

"दगडोबा, आरं हे काय लगीन हाय व्हय?"

"लगीन नसंल. पण थोरला नापास आन् धाकटी पास, मग त्यानं गावात तोंड कसं दाखवायचं? आमच्यात थोरल्याला डावलून धाकटीचं करत न्हाईत."

आईनं चुलीत लाकूड सारलं. गुरुजी अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

मग मला एकच रस्ता उरला. सार्थकला पास करायचं. त्याला इंग्रजी धडा खाडखाड वाचता यायचा, पण अर्थ विचारला की मूग गिळून गप्प. मला गणित यायचं, पण त्याच्या पुस्तकातला प्रश्न कळायचा नाही. मग तो वाचायचा, मी डिक्शनरीत शब्द हुडकून अर्थ लावायची, गणित मराठीत सोडवायची आणि त्याच्या डोक्यात घालायची. दोघांचा मिळून एक विद्यार्थी झाला, नाव मात्र त्याचं. ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. निकालाच्या दिवशी मला घास गेला नाही. त्यानं दोनदा कालवण वाढून घेतलं.

पुढच्या मार्चात एकदाचा सुटला. आबांनी गावभर पेढे वाटले. सार्थक रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला, खोकी उचलायला. इतक्या वर्षांच्या इंग्रजीतलं 'येस सर' तेवढं तिथं कामाला आलं.

मी आबांपुढं उभी राहिले. "आबा, थोरल्याचं झालं. आता माझा फॉर्म."

"भरू की," आबा म्हणाले. "पण दौंडचं स्थळ आलंय. त्यास्नी इचारू. त्यांची हरकत नसंल तर माझी बी न्हाई."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई शेवंताबाई. मी पोह्यांच्या बशा दिल्या, पाटावर बसले. त्यांनी शिक्षण विचारलं.

"सातवी," आबा छाती फुगवून म्हणाले. "पण आमच्या पोराला दहावीतनं हिनंच बाहेर काढला." घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

शेवंताबाई खूश झाल्या. "लई ब्येस. म्हंजी नातवंडांना शिकवणी लावाया नको."

मी मान वर केली. "मला दहावीला बसायचंय. घरूनच अभ्यास करीन. बसू द्याल का?"

त्या रागावल्या नाहीत. गोड बोलल्या. "बसू दिलं आसतं गं. पण आमच्या थोरल्या सुनंची चौथीच झालीय. धाकटी तिच्या म्होरं गेली तर तिला कसं वाटंल?"

आबांनी समाधानानं मान डोलावली. "माणसं रीतीची हायत."

"मग आधी त्यांना बसवा परीक्षेला," मी म्हणाले. "मी शिकवते त्यांना, सार्थकला शिकवलं तसं. त्या पास झाल्या की मी बसते."

सगळे हसले. सार्थक सगळ्यांत मोठ्यानं, तोंडातले पोहे सांडेस्तोवर. आई तेवढी हसली नाही. शेवंताबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि तिथंच सुपारी फुटली.

मी थट्टा केली नव्हती. दौंडला नांदायला गेल्यावर हळद उतरायच्या आत मी पाटी आणि पाचवीचं पुस्तक घेऊन जाऊबाईंपुढं बसले. त्या भाकरी थापत होत्या. पाटी बघून त्यांना हसू आलं, मग डोळे भरले. पिठाचे हात त्यांनी पदराला पुसले.

"मला आता कशाला गं," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या थोरल्याचं बघ. त्याला काय बी येत न्हाई."

पोरगा दारातच उभा होता. त्याच्या गळ्यात टाय होता.