शांत करायचे थेंब

"मिरी शांत झाली रे," दादा फोनवर म्हणाला, आणि काकाने पुढचं न ऐकताच फोन ठेवला.

काका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करून काढायचा. गरम रोलरच्या या तोंडातून ओली चादर घालायची, त्या तोंडातून कडक झालेली ओढून घ्यायची. हातातली चादर त्याने अर्ध्यातच सोडली, मालकाला "पुतणी गेली" एवढंच सांगितलं आणि चपला अडकवून निघाला.

मिरी दादाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मिरीच्या दाण्याएवढी होती आणि पुढे जिभेनंही तशीच तिखट निघाली. गेल्या वर्षापासून तिला भिंतीमागे माणसं बोलताना ऐकू येऊ लागली होती. ती कॉलेज सोडून खोलीत बसायची, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायची आणि हल्ली आईने शपथ घेतल्याशिवाय घरचा चहा घ्यायची नाही. चहात काहीतरी घालतात, म्हणायची. काकाला हे सगळं तोंडपाठ होतं. तिच्याच वयात त्याच्याही भिंतीमागे माणसं आली होती आणि अजून पूर्ण गेलेली नव्हती.

पोरीने गळफास घेतला असणार, असं धरूनच तो दादाच्या दारात पोचला. दारात गर्दी नव्हती. आत टीव्ही चालू होता. दादा, वहिनी आणि वहिनीचा भाऊ, ज्याला सगळं घर मामा म्हणायचं, तिघं खारी बुडवून चहा पीत होते.

"ये ये, बस," दादा म्हणाला. "म्हटलं ना, शांत झाली. कालपासून एक शब्द नाही. किती दिवसांनी घरात सुखाने चहा पितोय आम्ही."

मेली नव्हती. काकाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडण्याआधीच त्याला मिरी दिसली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिला बसवून ठेवलं होतं. मान एका खांद्याकडे पिळलेली, कुणी कोंबडीची मुरगळावी तशी. डोळे वर छताला चिकटलेले. जीभ दातांबाहेर आलेली आणि हनुवटीवरून लाळेची तार थेट कुर्त्यावर. गालावरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात उचलत नव्हता. ती शांत नव्हती. तोंडावर उशी दाबल्यासारखी आतल्या आत किंचाळत होती, आणि तिच्यापासून चार पावलांवर तिची आई खारीचा तुकडा कपात पडला म्हणून चमचा शोधत होती.

काका तिच्या खुर्चीपाशी गेला.

हा 'शांत' शब्द त्याच्या ओळखीचा होता. तरुणपणी त्याला ज्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं होतं तिथे सकाळच्या फेरीत मोठे डॉक्टर फक्त एवढंच विचारायचे, "शांत आहे ना?" तो शांत नसला की थंड पाण्यातून काढलेल्या चादरीत त्याला गच्च गुंडाळायचे, आणि आपलं मूत आपल्याच अंगावर गरम लागून गार होईपर्यंत तसाच ठेवायचे. मग शॉक. भूल न देता, नुसता रबराचा तुकडा दातांत कोंबून. त्या रबरावर आधीच्या माणसाच्या दातांच्या खुणा असायच्या आणि त्याची थुंकीही. पुढे सुधारणा आली म्हणे. सुधारणा म्हणजे कुल्ल्यात इंजेक्शन. त्याने भिंतीमागची माणसं दबली, पण त्याच्यासकट. लाकडाच्या बाहुल्यासारखा चालायचा, जीभ तोंडात मावायची नाही, आणि भेटीला आलेल्या आईला तिथले डॉक्टर सांगायचे, "बाई, तुम्ही याला माया कमी पडू दिलीत, म्हणून हा असा झाला." त्या काळात शिकलेली माणसं असलं खरंच मानायची. आई ते ऐकून घरी गेली आणि मरेपर्यंत त्यावर विश्वास ठेवून राहिली. हल्लीच्या गोळीने काका जाडजूड झाला होता, सकाळी उशी लाळेने ओली असायची, पण माणसं भिंतीच्या पार पलीकडे गेली होती आणि त्याला काम करता येत होतं. बस. याहून कुणाचे उपकार मानायला तो तयार नव्हता.

"काय दिलंत हिला?" त्याने विचारलं.

वहिनीने टीव्हीकडे बघितलं. मामा मात्र खूश झाला. तो औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा आणि अर्ध्या गल्लीचा डॉक्टर होता. शर्टाच्या खिशावर थाप मारून म्हणाला, "थेंब आहेत, भाऊजी, थेंब. वास नाही, रंग नाही, चव नाही. चहात टाकले की कुणाच्या बापाला कळत नाही. मोठ्या डॉक्टरकडे गेलात तर हेच देतील, वर कार्ड काढतील, पोरीच्या नावाला डाग."

"आणि ही मान?"

"नाटक," वहिनी म्हणाली. "सकाळपासून चाललंय. मी म्हटलं, करू दे."

"अजून वेड बाहेर पडतंय ते," मामाने समजावलं. "तीन थेंब वाढवले की बसेल."

काकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषधानेच मान पिळायची, पिळलेल्या मानेला वेड म्हणायचं, आणि त्या वेडावर तेच औषध आणखी पाजायचं. पुढचा घोट गिळताना पोरीचा घसाच आवळला असता तरी ही माणसं म्हणाली असती, बघा, कशी छान शांत झाली.

"दादा, गाडी काढ. इस्पितळात न्यायची."

"अरे, दिवसाढवळ्या? जिन्यात माणसं आहेत, तिचं तोंड बघ जरा…"

"तोंडच बघतोय. गाडी काढ, नाहीतर उचलून नेतो आणि तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसवतो. गिऱ्हाइकांना छान स्पष्ट दिसेल."

दादाने गाडी काढली, मामाही पुढे चढून बसला. वहिनीने पोरीच्या तोंडावरून ओढणी घेतली. लाळ पुसायला नव्हे, झाकायला.

इस्पितळाच्या तातडीच्या खोलीत फिनेलचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, जो फिनेलने कधीच जात नाही. काकाचे पाय उंबऱ्यात अडखळले. पण आली ती डॉक्टर पोरगेलीशी होती, आणि तिने सगळ्यांत आधी मिरीच्या तोंडावरची ओढणी काढली.

मान, डोळे, जीभ बघून ती म्हणाली, "हे औषधाने होतं. मनोविकाराचं कोणतं औषध चालू आहे?"

"कुठलंच नाही," दादा म्हणाला.

"घरात कुणी काही दिलंय?"

"छे हो," मामा म्हणाला. "आमच्यात हा आजारच कुणाला नाही, औषध कुठून येणार? म्हणजे, रक्ताच्या नात्यात नाही."

सख्ख्या काकाला रक्तातून बाजूला सारायचा हा प्रकार होता. काकाने तो गिळला.

"ही मान मी इंजेक्शनने सोडवते," डॉक्टर म्हणाली. "पण काय दिलं, किती दिलं, हे कळायला हवं. नाहीतर पुढे मी चुकीचं देऊन बसेन." मग ती खाली वाकली आणि मिरीच्या कानाशी म्हणाली, "तुला काय वाटतं, कशाने झालं हे?"

मिरीची जीभ वळत नव्हती. दोनदा नुसता फेस आला. तिसऱ्यांदा शब्द आला.

"च… हा."

"बघा!" मामा हसला. खरंच हसला. "हाच तिचा रोग! आई विष घालते म्हणते चहात! लिहून घ्या मॅडम, हेच मुख्य लक्षण."

दादाने होकारार्थी मान हलवली. वहिनीनेही. दोघांनी मिळून, पोरीच्या देखत.

काकाने आयुष्यात बरीच घाण पाहिली होती, अंगावर घेतली होती. पण ही निराळी होती. पोरीला डोळ्यांदेखत खोटं पाडत होते, आणि तेही ज्या गोष्टीत ती खरी होती तिच्यात. आता गप्प बसलो तर ही पोरगी पुन्हा कुणाच्या हातचं काही तोंडात घालायची नाही, खरं औषधसुद्धा, हे त्याला दिसत होतं.

"घालतात," तो म्हणाला. "मामाने थेंब आणले. चहात टाकतात. मला स्वतः त्याने सांगितलं, आत्ता, घरी."

"मॅडम, याचं काय ऐकता?" मामाने आवाज खाली आणला, जसा मयतात आणतात. "हा स्वतः जुना पेशंट आहे. तुमच्याकडे फाईल असेल याची. यालाही काय काय ऐकू येत असतं."

डॉक्टरने काकाकडे बघितलं. क्षणभर काकालाच शंका आली, आपण खरंच ऐकलं होतं ना? हीच तर या आजाराची हरामखोरी. बाहेरच्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही की आतून तुमचाही सुटतो.

मग तो मामासमोर जाऊन उभा राहिला. "बरं. मी वेडा. माझ्या कानाला खोटं ऐकू आलं. तुझ्या खिशात काही नाहीच ना? मग मला दाखव."

मामाचा हात आपसूक खिशावर गेला. नुसता गेला नाही, आवळून बसला, एखाद्या बाईने पदर धरावा तसा. खोलीतल्या सगळ्यांनी तो हात बघितला. मिरीनेही, वर चढलेल्या डोळ्यांनी जेवढं दिसेल तेवढं.

डॉक्टरने तळवा पुढे केला. "द्या."

"ते माझं सर्दीचं…"

"द्या हो मामा," ती थंडपणे म्हणाली. "सर्दीचं असेल तर परत देते."

छोटी पिवळट बाटली निघाली, टोपणापाशी चिकट झालेली, त्या चिकट्याला खिशातला कचरा लागलेला. डॉक्टरने नाव वाचलं. "कुणी घालत होतं? किती?"

मामाने बहिणीकडे बोट दाखवलं. असा हा मामा.

"मीच," वहिनी जमिनीकडे बघत म्हणाली. "अंदाजाने. चव लागू नये म्हणून साखर जास्त. ती ओरडायची हो रात्रंदिवस… शेजारी भिंत ठोकायचे. मला वाटलं, आई आहे, आईच्या हातून गेलं तर काय बिघडतं?"

डॉक्टरने इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मिरीची मान दोरा सुटावा तशी हळूहळू सरळ झाली, जीभ आत गेली. तिने पहिल्यांदा हनुवटी पुसली, बाहीने, रगडून. मग आईकडे बघितलं.

"रोज विचारायचे तुला," ती म्हणाली. "तू माझी शपथ घेऊन नाही म्हणायचीस."

वहिनी रडू लागली. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे मी वेडी नव्हते," मिरी डॉक्टरला म्हणाली.

"चहाचं तू खरं सांगत होतीस," डॉक्टर म्हणाली. "भिंतीमागचे लोक अजून बोलतात?"

"आत्तासुद्धा."

"तो आजार आहे. स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठीत छिन्नमनस्कता म्हणून एक भीतीदायक शब्द काढून ठेवलाय. त्यात तुझे दोन तुकडे झालेले नाहीत आणि कुणाची माया कमी पडून किंवा शापाने तो होत नाही. मेंदूचा आजार आहे. औषध लागेल, पण तुला सांगून, तुझ्याशी बोलून. अंग आखडलं तर मला सांग, बदलून देऊ."

काकाने ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. 'माया कमी पडून होत नाही.' एवढं वाक्य आपल्या आईला कुणी ऐकवलं असतं तर! कुठे होतात रे तुम्ही सगळे, असं ओरडावंसं वाटलं. पण ही डॉक्टर पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती. शिव्या घालायला समोर कुणी नव्हतं, हेही किळसवाणंच.

"डोस जरा जोरदारच द्या," दादा मागून म्हणाला. "उद्या घरी आणल्यावर गडबड नको."

"मी घरी येत नाही," मिरी म्हणाली. "काकाच्या खोलीवर जाईन."

"अगं, त्याच्या? लोक काय म्हणतील, दोन…" दादाने पुढचा शब्द गिळला.

"दोन वेडे," काकाने पुरा केला. "एका खोलीत. भाडं वाचेल."

मिरी हसली नाही. ती काकाकडे रोखून बघत होती. "खरं सांग. गोळी घेऊ?"

काकाला गोळी न गिळण्याच्या सगळ्या चोरवाटा ठाऊक होत्या. गालात कुठे दडवायची, जीभ वर केली तरी कशी दिसत नाही. तिला शिकवायचा त्याला मोह झाला. या लोकांनी दिलेलं काहीही थुंकून टाक, असं सांगायचा.

"मला गोळीचा तिटकारा आहे," तो म्हणाला. "सोडली होती एकदा. माणसं परत आली, खोलीतच राहायला आली, आणि मी महिनाभर स्वतःच्या घाणीत बसून त्यांचं ऐकत होतो. गोळी घाण आहे. ते त्याहून घाण. घे."

डॉक्टरने गोळ्यांची पट्टी पुढे केली. वहिनी लगबगीने पेल्यात पाणी घेऊन आली. मिरीने पट्टी घेतली, पेल्याकडे बघितलंही नाही. उलटी पालटी करून तिने नाव अक्षर न् अक्षर वाचलं, पट्टी स्वतःच्या नखाने फोडून गोळी काढली आणि कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेली. नळ सोडून बराच वेळ नुसतं पाणी वाहू दिलं. मग ओंजळ धरली, वास घेतला, गोळी जिभेवर ठेवली आणि प्यायली.