दुसरी तडतड

गोणपाटाच्या पिशवीत हात घातला तर बोटं थेट तळाला लागली. थोरलीने पिशवी उलटी केली, शिवणीत अडकलेल्या बियासुद्धा नखाने टोकरून काढल्या आणि परातीत पसरून अंदाज घेतला. एक घाणा होईल. दुसऱ्याचं नाव नको. बाबांनी आणलेली कच्ची कॉफी इथे संपत होती, म्हणून आज हात चुकून चालणार नव्हता.

बाबा गेल्यापासून आईने कॉफीला तोंड लावलं नव्हतं. सकाळी ती नुसतं गरम पाणी घ्यायची, तेही कॉफीच्याच कपात, आणि ते थोरलीला बघवत नसे. तिने बाजारातून नाना तऱ्हेची तयार कॉफी आणून पाहिली. आई डबा उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची. शेवटी थोरली हात धुवून मागे लागली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "ह्यांच्यासारखी झाली तर पिईन."

तेवढ्यावर थोरलीला दहा हत्तींचं बळ आलं. बाबा दर रविवारी घरीच कॉफी भाजायचे. जाड लोखंडी कढई, लांब दांड्याची लाकडी पळी, ओट्याशेजारची उघडी खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. नव्हते ते बाबा, आणि त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. बघून बघून येईल म्हणायचे. बघितलं सगळ्यांनी होतं, आलं मात्र कुणालाच नव्हतं.

याआधीच्या दोन घाण्यांपैकी पहिला तिने घड्याळ लावून भाजला होता. बिया गव्हाळ राहिल्या आणि कॉफी झाली ती वाळलेल्या गवताच्या काढ्यासारखी, वर आंबट. थोरली रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. घड्याळावर भागत नाही म्हटल्यावर तिने लांब दांडीचा तापमापक आणला. दुसऱ्या घाण्याला काट्यावर नको तितका विश्वास टाकला आणि बियांचा कोळसा झाला. आत्या तो कोळसा चिमटीत धरून म्हणाली, "रक्त तपासतेस तेही असंच का गं? मग मी दुसरीकडे जाते."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहायची, पण जीभ तिची सगळ्या मजल्यांवर फिरायची. दोन्ही वेळा थोरलीने कढई बाहेर काढली की आई मुकाट्याने चपला घालून खाली आत्याकडे जाऊन बसली होती. आज मात्र शेवटचा घाणा म्हटल्यावर आत्या स्वतःच दाराला कुलूप लावून वर आली. आई चपला घालून दारात उभी.

"वन्सं, किल्ली द्या."

"किल्ली कशाला? माझ्या घरात काय ठेवलंय? बसा इथेच."

आई चपला काढून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

थोरलीने शेगडी पेटवली. या वेळी तिचा हिशोब पक्का होता. गेल्या खेपेला काटा जिथवर जाऊ दिला, त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. तिने तापमापकाच्या तबकडीवर त्या जागी शाईने खूण केली होती. कढई तापली, बिया पडल्या, पळी फिरू लागली. पळी थांबली की बी एका गालाने करपतं, एवढं तिला दोन घाण्यांनी शिकवलं होतं. हिरवट बिया पिवळ्या पडल्या, ओल्या पेंढ्याचा वास सुटला, मग भाजलेल्या पावाचा. खांदा भरून आला तशी तिने पळी डाव्या हातात घेतली.

आत्या स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. आच वाढव, आच कमी कर, दादा असा उभा राहायचा नाही, दादा तसा उभा राहायचा. थोरलीने कानाडोळा केला. खरं तर तिला हसू फुटत होतं. छातीत धडधडत होतं, कानशिलं तापली होती, आणि कित्येक आठवड्यांनी तिला कडकडून भूक लागली होती.

एवढ्यात पहिलं बी फुटलं. मग दुसरं, मग चौफेर फटाफट सुरू झालं. बिया टणाटण उडत होत्या, फुगत होत्या, फोलपटं सुटून धुराबरोबर वर चढत होती. ही पहिली तडतड. ती कुणालाही ऐकू जावी अशी दणदणीत असते. हळूहळू ती ओसरली. कढईत नुसती पळीची खसखस राहिली आणि धूर निळसर झाला. थोरलीचे डोळे काट्यावर. काटा खुणेच्या दिशेने सरकत होता, पण अजून बराच खाली होता.

तेव्हा लोटलेल्या दाराआडून आईचा आवाज आला. "काढ."

थोरलीचा हात अडखळला. काटा म्हणत होता थांब. आत्या स्टुलावरून उठून कढईत डोकावत म्हणाली, अगं, अजून कुठे काळी झाली, दादा चांगली काळी कुळकुळीत करायचा. आई तर कढईपासून एवढी लांब, भिंतीपलीकडे, तिला ना रंग दिसत होता ना काटा. थोरलीने श्वास धरला आणि कान दिला. पळीच्या खसखशीखाली काहीतरी अगदी बारीक चरचरत होतं. सुक्या पानावर मुंगळा चालावा तसं. इतकं हलकं की कान टवकारला नसता तर ते तिला ऐकूच गेलं नसतं.

तिने कढई उचलली आणि चाळणीत उपडी केली.

मग एकच धांदल उडाली. या चाळणीतून त्या चाळणीत, खिडकीशी नेऊन पाखडायचं, फुंकायचं, पुन्हा पाखडायचं, कारण आच बंद झाली तरी बी आतल्या आत भाजतच राहतं. आत्या बोलायचं विसरली आणि पुठ्ठ्याने सपासप वारा घालू लागली. फोलपटं तिच्या केसांत, भुवयांवर, चष्म्यावर बसली. बिया हाताला सोसवतील इतक्या निवल्या तेव्हा दोघी घामाने निथळत होत्या. बियांचा रंग गडद तपकिरी होता, एकसारखा, आणि एखाददुसऱ्या बीवरच तेलाचा ठिपका चमकत होता.

आई दारात उभी होती.

"तुला आत कसं कळलं?" थोरलीने विचारलं.

आईने आधी आत्याच्या भुवईवरचं फोलपट काढलं, मग सांगितलं. जन्मभर छापखान्याच्या यंत्रापाशी उभं राहून बाबांचे कान बारीक आवाजाला निकामी झाले होते. पहिली तडतड त्यांना ऐकू जायची. दुसरी, जिच्यावर सगळं अवलंबून, ती कित्येक वर्षांत त्यांच्या कानी पडलीच नव्हती. ती आई ऐकायची. आतून ओरडायची की घरभर धूर केलात, आता पुरे करा. बाबा कढई उतरवायचे.

थोरलीचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा आजवर समज होता की आईला या भाजण्याचा उबग आहे. दर रविवारचं ते ओरडणं त्या दोघींनी पाठ केलं होतं, धाकटी माहेरी आली की नक्कल करून हसायच्याही.

"आणि बाबांना हे माहीत होतं?"

"न सांगताच कळलं होतं. एकदा मी तापाने फणफणले होते. त्या रविवारी त्यांनी कढईच काढली नाही. आज बिया ओलसर वाटतात म्हणाले." आईने चाळणीतलं एक बी उचलून बोटांत फिरवलं. "बिया कसल्या ओलसर."

ताजी भाजलेली कॉफी लगेच दळायची नाही, तिला एक रात्र श्वास घेऊ द्यायचा, हा बाबांचा नियम. ती रात्र थोरलीला उलटता उलटेना. सकाळी आत्या बोलावल्याशिवाय हजर झाली. थोरलीने हातगिरणी गुडघ्यांत धरली आणि दांडा फिरवला. बी करकरत दळलं जाऊ लागलं आणि असा काही वास दरवळला की आत्या स्टूल ओढून पुढे सरकली. पाणी उकळून खाली उतरवलं, किंचित दम खाऊ दिला. कागदी गाळणीतल्या पुडीवर पहिली धार पडली तशी पुडी घुमटासारखी फुगून वर आली, तिच्यावर बुडबुडे फुटले. थोरलीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. शिळ्या कॉफीला असा घुमट येत नाही. बारीक धार गोल गोल फिरवत तिने भांडं भरलं आणि पहिला कप आईपुढे ठेवला.

आईने घोट घेतला. तो तोंडात ठेवला. गिळला.

"ह्यांच्यासारखी नाही झाली."

बिया संपल्या होत्या, आणि अट तर अट होती. थोरली कप उचलायला पुढे झाली, पण आईने कप सोडला नाही. दुसरा घोट घेतला, मग तिसरा. तिच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव आला, कोडं सुटता सुटता माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा.

"मी ओरडले की ते लगेच उतरवायचे नाहीत," ती म्हणाली. "आणखी पाच-सात वेळा पळी फिरवायचे. बायकोच्या सांगण्यावरून उतरवली असं दिसायला नको ना. त्यात ती कडू व्हायची. आपण तीच प्यायचो."

"मग ही कुणासारखी झाली?"

"मी सांगितल्यावर कुणी ताबडतोब उतरवली तर कशी होते, ते मला तरी कुठे ठाऊक होतं." आईने कप पुढे केला. "घाल अजून. हिला शेवटी संत्र्यासारखी चव येते बघ, घशाशी."

आत्याने तिचा कप दोनदा हुंगला, एक घोट घेतला आणि जाहीर केलं की दादाचीच बरी होती, ही म्हणजे नुसतं सरबत. मात्र कप तिने रिकामा केला आणि भांड्यात किती उरलीय तेही वाकून पाहिलं. आई म्हणाली, वन्सं, तुमच्यासाठी वेगळी भाजू, पळी जास्त फिरवून. आत्या म्हणाली, भाजाल काय, बिया कुठायत?

आई उठली. पदराला हात पुसले आणि फोन घेऊन खिडकीशी गेली. बाबा ज्याच्याकडून कच्ची कॉफी आणायचे त्या कॉफीवाल्याने आवाज ओळखला असावा, कारण ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली, हो, हो, अचानकच, म्हणत राहिली. थोरलीने मान फिरवली आणि गाळणी धुवायला घेतली. मग आईचा आवाज बदलला. नाही, नेहमीची नको, ती म्हणाली. म्हणजे ती द्याच, आमच्या वन्संना लागते, पण तुमच्याकडे आणखी कुठकुठल्या आहेत? डोंगराळ भागातली म्हणजे कशी लागते? आंबूस? कितपत आंबूस? आणि तिची दुसरी तडतड लवकर येते का उशिरा?

पलीकडचा माणूस बहुधा गोंधळला, कारण आईने त्याला तडतड म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली, हाताने हवेत पळी फिरवत, पहिली कशी आणि दुसरी कशी. एकदा तिने ओठ मिटून ती बारीक चरचर त्याला करूनसुद्धा दाखवली.

"यांना आता आवर गं," आत्या पुटपुटली.

थोरलीने आवरलं नाही. तिने पाणी पुन्हा उकळायला ठेवलं.