प्लेटवरचं कुंकू

खंडेनवमीला परभणीत रिक्षापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या, दाबलेल्या वायूनं मणी झाडणाऱ्या गॅसगननंच काय घोडं मारलं होतं? अबोलीनं गनला झेंडूचा हार घातला. समोरच्या पेटीत मिश्रधातूची प्लेट आधीच कसून ठेवली होती. ती बिचारी कोरी कशाला, म्हणून तिलाही बोटानं कुंकू टेकवलं आणि विसरून गेली.

दसरा झाल्यावर शंतनु सरांनी बार उडवला. बंदुकीच्या गोळीला लाजवील अशा वेगानं नायलॉनचा मणी प्लेटवर आदळला, आणि त्या लखलखाटाच्या आलेखात, जिथं प्रत्येक मूलद्रव्य आपली रेघ सोडतं, कॅल्शियमची ठसठशीत रेघ उमटली. या धातूत कॅल्शियम आजवर कुणालाच दिसलं नव्हतं. आघाताच्या लाटेनं ते धातूच्या पोटातून बाहेर काढलं, असं म्हणत सरांनी पेढे मागवले. अबोलीची पीएचडी याच एका शॉटवर अडकली होती. पुण्याहून आलेली प्लेट एकच, आणि आता तिला आरपार भोक पडलेलं.

पेढा तोंडात असतानाच तिला कुंकू आठवलं. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना म्हणजे कॅल्शियम.

खाई त्याला खवखवे. तिला बसवेना, उभं राहवेना. पुसलेलं टेबल तिनं पुन्हा पुसलं. कुणी पाहिलं नव्हतं, गप्प बसली तर डॉक्टर होणार होती. पण सर फोनवर कुणाला तरी त्या रेघेचं कौतुक सांगायला लागले, ते तिला ऐकवेना.

"सर, मी प्लेटला कुंकू लावलं होतं."

सरांनी फोन ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून साधी ॲल्युमिनियमची प्लेट काढली. तसल्या कोऱ्या प्लेटा त्यांनी कैक फोडल्या होत्या, कॅल्शियम कधी दिसलं नव्हतं. मग देवीच्या तसबिरीपुढचा करंडा आणून तिच्यासमोर ठेवला.

"लाव. तेवढंच लाव, त्याच जागी."

तिनं करंड्यात बोट बुडवलं. नवमीला तिनं देवीकडं यश मागितलं होतं. आज त्याच बोटानं कुंकू लावताना, रेघ उमटू नये म्हणून ती देवीला विनवत होती. गन भरेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. धडाका झाला, खिडकीच्या काचा हादरल्या. पडद्यावर तीच रेघ त्याच जागी उभी राहिली.

"तुझी रेघ खरी हाय, अबोली," सर म्हणाले. "पण ती धातूची न्हाई."

मग पेढ्यांचा पुडा बंद करून त्यांनी पुण्याला फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं आणि दुसरी प्लेट मिळेल का, म्हणून विचारलं. पलीकडून काय उत्तर येतं, याकडं कान लावून अबोली कुंकवाचं बोट ओढणीला पुसत राहिली. लाली काही केल्या जाईना.