पेन्सिल आधी कुठे टेकते

मंगळवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसरीच्या वह्या तपासत बसली होती. समोर लेक पुढच्या महिन्यातल्या शिक्षक-प्रशिक्षणाची तयारी करत होती. आईने एक वही तिच्यापुढे सरकवली. ‘सत्तावीस’ या शब्दासमोर एका मुलीने ७२ लिहिलं होतं.

“सांगा डॉक्टरीणबाई, काय झालंय हिला?”

“‘सत्ता’ आधी ऐकू येतं, म्हणून सात आधी. वीस मागाहून येतं, म्हणून दोन मागाहून.”

“प्रबंधात आहे ना ते? पान कितवं?”

“आई, टोमणे नकोत.”

“टोमणा कसला? चार नंबरची बाई आहे मी त्यातली. मानाची जागा आहे.”

लेकीने हसून वेळ मारून नेली. प्रबंधात शिक्षकांची नावं द्यायची नसतात, म्हणून आई तिथे ‘शिक्षिका क्र. ४’ होती. तिथवर ठीक होतं. पण त्याच पानावर ‘संशोधिकेच्या असे लक्षात आले’ म्हणून जे छापलं होतं, ते लक्षात आलं होतं आईच्या, वीस वर्षांपूर्वी. वहीत काय उमटलंय ते नंतर बघ, आई म्हणायची, पेन्सिल आधी कुठे टेकते ते बघ. मुलं सात आधी लिहितात तर लिहू दे. फक्त त्याला उजव्या घरात बसव आणि डावं घर दोनासाठी मोकळं ठेव. लेकीने ते उचललं, शंभर मुलांवर पडताळलं, तक्ते मांडले आणि पदवी मिळवली. ऋणनिर्देशात आईचे आभार होते, पण ते आशीर्वादाबद्दल.

आज बोलून टाकावं, असं लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय राहिला.

बुधवारी पहिल्या घंटेआधी शाळेच्या जिन्यात आईला धाप लागली. ती पायरीवर टेकली, ती पुन्हा उठली नाही.

“प्रशिक्षण पुढे ढकलू या,” लेकीचे विभागप्रमुख म्हणाले होते. लेक नको म्हणाली. रडायला घर होतं. इथे तीस शिक्षक रजा टाकून येणार होते.

प्रशिक्षणाच्या दिवशी वर्गात मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. विभागप्रमुखांनी ‘या पद्धतीच्या जनक’ अशी तिची ओळख करून दिली. ती लगेच कामाला लागली. फळ्यावर दोन घरं आखली, आधी उजवं भरलं, मग डावं.

मागच्या रांगेतल्या जाडजूड बाईंनी हात वर केला. “मॅडम, माझ्या वर्गात पंचेचाळीस पोरं आहेत. एकेकाचा हात न्याहाळत बसले तर पहिलीतच म्हातारी होईन.”

हशा पिकला. लेकही हसली.

“सगळ्यांचे नका बघू. रोज पाच जण. नऊ दिवसांत वर्ग पुरा होतो. आणि फुली मारू नका, हात कुठे अडला तेवढं टिपून ठेवा. दहाव्या दिवशी काय शिकवायचं ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.”

बाईंनी मान डोलावली. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “पटतंय. पण राग मानू नका, हे टेबलाशी बसून सुचणारं नाही. तुम्ही किती वर्षं वर्ग घेतलात?”

“एकही नाही.”

पुढच्या रांगेतली पेनं थांबली. विभागप्रमुख मदतीला धावले, “मॅडमनी शंभर मुलांचा अभ्यास...”

“थांबा सर, मला सांगू दे.” तिने खडू खाली ठेवला. “शंभर मुलं मी मोजली, हे खरं. पण कुठे बघायचं ते मला माझ्या आईने दाखवलं. ती दुसरीला शिकवायची. तिचं पाहून मी ते माझ्या नावावर लिहिलं. तिने वाचलं, थट्टेवारी नेलं, मागितलं कधीच नाही. मागच्या महिन्यात ती गेली. हे सगळं आईचं आहे. तिच्यासमोर मला हे म्हणता आलं नाही.”