सुलेखाकाकूंची किसणी बँडमध्ये जाते

मी पितळी किसणी. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेली, अंगभर दात असलेली आणि खरं सांगायचं तर जरा भोचकच. अमेरिकेत श्रूजबरीला आले ती सुलेखाकाकूंच्या बॅगेतून, लुगड्यात गुंडाळून.

स्वयंपाकघरात टांगलं की खालचं-वरचं सगळं ऐकू येतं. खालच्या मजल्यावर ऑगस्टीन राहायचा. मूळचा कॅरिबियन बेटावरचा, इथे जॅझचा बँड चालवायचा, ट्रम्पेट फुंकायचा. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची आई रोझाली आली आणि रोज एकच पालुपद!

"वाजवतोस छान रे, पण यात आपलं काय?"

बिचाऱ्याचा चेहरा पडायचा. शनिवारी चर्चच्या हिरवळीवर त्याचा कार्यक्रम आणि सोमवारी आई परत जाणार. तिला आपलं वाटेल असं काही वाजवायला तो नुसता तळमळत होता.

अशात काकू हलव्याची गाजरं किसत होत्या, तर किसण्याचा आवाज ऐकून हा धावत वर. "आंटी, ती किसणी द्या ना शनिवारपर्यंत!"

काकूंना वाटलं, एकटा जीव, कुठे किसत बसणार? त्यांनी गाजरं किसून वाडगाभर खाली पाठवली. वाडगा घेऊन ऑगस्टीन परत दारात. "आंटी, गाजर नको! माझी आजी अशाच किसणीवर कंद किसायची आणि सणाला तीच वाजवायची."

"अगं, त्याला इन्स्ट्रुमेंट हवंय," काकूंचे यजमान हेमचंद्रकाका हसून म्हणाले.

"मग आधी नाही का सांगायचं!" काकूंनी चिंच लावून मला लखलखीत केलं.

शनिवारी ड्रमवाल्यानं माझ्यावर जेवणाचा काटा फिरवला, पण भीत भीत. पुढच्या खुर्चीतून रोझाली उठलीच. "अरे, सॅलड करतोयस का? आण इकडे!"

तिनं मला छातीशी धरलं आणि काटा असा सपासप ओढला की माझ्या दातादातांतून नाच निघाला. बँड गोंधळून थांबला. ऑगस्टीननं क्षणभर ऐकलं, मग आईच्या तालावर ट्रम्पेट उचललं. काकूसुद्धा खुर्चीत डोलत होत्या!

शेवटी रोझाली धापा टाकत म्हणाली, "हं. हे आपलं."

काकूंनी मला परत मागितलंच नाही. आता माझे दात बोथट झालेत, गाजराला माझा उपयोग नाही. पण बेटावरून फोन आला की ऑगस्टीन मला रिसीव्हरपाशी धरून वाजवतो, आणि पलीकडून म्हातारी रोझाली ओरडते, "जोरात रे, जोरात!"

पुढे कधी मी तुमच्या हाती आले, तर तेवढं कराल ना? मला नुसतं शोभेला टांगू नका. जोरात वाजवा.