सप्तर्षींची शेपटी

"चपला जोडीने ठेवा, जोडीने! डावीला उजवी शोधून देत बसायला मी काही रिकामी नाही," चौथीच्या बाई ओरडल्या, पण ऐकायला लक्ष कुणाचं होतं? शाळेच्या हॉलमध्ये काळ्या कापडाचा एक फुगीर तंबू उभा होता आणि त्याच्या बुटक्या दारातून एकेक वर्ग रांगत आत जात होता. आत नवीन मॅडम यंत्राने तारे दाखवत होती. बाहेर बाई चपला सांभाळत होत्या. हे काम हेडसरांनी सकाळीच मोठ्या गोडीने त्यांच्या गळ्यात मारलं होतं. "तुमच्याइतकी शिस्त कुणाला जमते, बाई?" म्हणाले. बाईंना काय कळत नव्हतं होय?

तंबूतून चाळीस पोरांचा एकदम "ओऽऽ" ऐकू आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गेली बावीस वर्षं तो त्यांच्या वर्गातून येत होता.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बाईंनी काळ्या रेक्झिनचा एक मोठा तुकडा आणला होता. पुस्तकातल्या नकाशावरून त्यांनी त्याच्या पाठच्या बाजूला पांढऱ्या रंगाने ठिपके काढले आणि ठिपक्या-ठिपक्यावर दाभणाने टोचे मारले. अंगठ्याला फोड आले होते तेव्हा. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, उन्हाच्या खिडकीवर ते रेक्झिन ताणून बांधायचं, की भर दुपारी तारे! मग आकाशगंगा. त्यासाठी बाई दुसऱ्या काळ्या कापडावर खडूने भरलेलं डस्टर झटकत. "यातला एकेक कण म्हणजे एकेक सूर्य बरं का. आणि आपण कुठे? हा बघा, या कणाच्या शेजारी, दिसतसुद्धा नाही," असं त्या म्हणत आणि पहिल्या बाकावरची मुलं शिंका दाबून आपल्याला शोधत. तिसरीतली पोरं वर्षभर आधीपासून विचारायची, "बाई, आम्ही चौथीत आलो की तारे ना?" दरवर्षी तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर हाच पाठ व्हायचा.

यंदा तो नवीन मॅडमचा होणार होता, उद्या.

बाईंनी नवीन मॅडमला तोंडावर नेहमी 'मॅडम, तुम्ही' म्हटलं. मनात मात्र ती 'ती' होती. ती सहा महिन्यांपूर्वी आली. तिचा आवाज मऊ, पोरांवर कधी ओरडायची नाही आणि तरी पोरं गप्प बसायची. ही गोष्ट बाईंना सगळ्यात जास्त झोंबायची. यंत्र काय, कुणीही आणेल. त्यात म्हणे आख्खी आकाशगंगा चकलीसारखी गरगर फिरते. फिरेना का! बटण दाबून फिरवलेल्या आकाशगंगेत मास्तरणीचं ते काय काम?

चौथीची मुलं तंबूतून बाहेर आली ती डोळे चोळत आणि एकमेकांना ढकलत. वर्गात आल्यावरही कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाईंनी भागाकार फळ्यावर लिहिला, तोच एक हात वर झाला. हात प्रश्नपेटीचा. हे नाव तिला वर्गानेच दिलं होतं आणि ती ते मिरवायची.

"बाई, मॅडमच्या आकाशात सप्तर्षींची शेपटी डावीकडे आहे. तुमच्या कापडात उजवीकडे. कोणाचं बरोबर?"

असला प्रश्न नवा नव्हता. पुस्तकातल्या चित्राशी कापड जुळत नाही, असं चार-दोन वर्षांनी एखादं पोर म्हणायचंच. "आकाश फिरतं बाळा, म्हणून कधी असं दिसतं, कधी तसं," हे बाईंचं ठरलेलं उत्तर होतं. आज मात्र त्यांनी ते दिलं नाही. त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. चुकली! इतकं महागाचं यंत्र आणि बाईसाहेबांनी आकाश उलटं लावलं!

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले होते. हेडसरही होते. बाईंनी मुद्दाम तीच वेळ साधली.

"मॅडम, एक सांगू का? राग नका मानू. तुमचे सप्तर्षी उलटे लागलेत."

"उलटे?" नवीन मॅडमचा घास हातातच राहिला.

"शेपटी उजवीकडे हवी. मी बावीस वर्षं शिकवतेय. माझ्या वर्गातल्या मुलीच्यासुद्धा लक्षात आलं ते."

"असेल हं... मशीनमध्ये चित्र आरशासारखं फिरवायची सोय असते. माझ्याकडून चुकून झालं असेल. बघते मी."

"बघते काय, मॅडम?" हेडसरांना घाम फुटला. "उद्या साहेब येणार! त्यांना उलटं आकाश दाखवायचं? नको रे बाबा. बाई, उद्या तुमचाच पाठ होऊ दे. आपलं जुनंच बरं."

नवीन मॅडमचा चेहरा उतरला. बाईंनी तो डोळे भरून पाहिला आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शाळा सुटताना ती चौथीच्या वर्गाशी आली. बाई उद्याच्या तयारीने रेक्झिन पुसत होत्या.

"बाई, बघू का जरा?"

"बघा की. यात बटण नाही हं."

तिने रेक्झिन हातात घेतलं. पुढून पाहिलं, मग उलटवून पाठच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. काहीतरी बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं, मिटलं आणि मग म्हणाली, "टोचे किती बारीक मारलेत तुम्ही. हात दुखला असेल ना?"

"आम्हाला सवय होती कष्टांची," बाई म्हणाल्या. ती निघून गेली. जिरली, असं बाईंना वाटलं.

दिवेलागणीला बाई गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या त्या चौथीचं पुस्तक काखोटीला मारूनच. खरं सांगायचं तर विजय साजरा करायला. तारे शिकवता-शिकवता बावीस वर्षं गेली, पण या वेळेला वर बघायची सवड त्यांना कधी मिळाली होती? कपडे काढायचे, खाली धावायचं, कणीक मळायची. आज त्यांनी बादली खाली ठेवली आणि उत्तरेकडे तोंड केलं. अंधारायला लागलं तसे एकेक करत सातही जण उगवले. चौकोन दिसला, शेपटीही दिसली.

शेपटी चुकीच्या बाजूला होती.

बाईंनी पुस्तक फिरवलं. डोकं वाकडं केलं. फिरतं ना आकाश! पण पुस्तक कसंही धरलं तरी ते आकाशाशी जुळत होतं आणि डोळ्यांसमोर आणलेलं आपलं कापड कसंही फिरवलं तरी जुळत नव्हतं. डावी चप्पल गोल गोल फिरवली म्हणून ती काही उजव्या पायात बसत नाही.

"काय हरवलंय?" नवरा जिन्यातून डोकावला. "मान आखडेल. मग रात्रभर बाम मलाच चोळायला लावशील."

"अहो, मी ठिपके पाठीमागून काढले होते," बाई म्हणाल्या. "पांढरं पुढून दिसू नये म्हणून. पाठीमागून टोचलं आणि पुढून दाखवलं."

"मग?"

"मग काय? सगळं उलटं झालं. बावीस वर्षं."

नवऱ्याला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. तो कपड्यांची बादली उचलून खाली गेला.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. आणि आता त्यांना ते बोट आठवलं, पांढऱ्या ठिपक्यांवरून हळूहळू फिरणारं. तिला कळलं होतं! तिथल्या तिथे कळलं होतं, आणि ती हात दुखला असेल म्हणाली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या यंत्राचा, तिच्या आवाजाचा हेवा त्यांनी एक वेळ पचवला असता. पण हे गप्प राहणं? एवढा मोठेपणा तिने या वयात आणला कुठून? तिच्या जागी आपण असतो तर? उत्तर शोधावं लागलं नाही. दुपारी डबे उघडलेले असताना ते सगळ्यांनीच ऐकलं होतं.

रेक्झिन उलटं बांधलं की झालं, हे बाईंना रात्री भाकरी थापतानाच सुचलं होतं. साहेबांना बरोबर दिसेल, हेडसर खूश होतील, ती तर बोलणारच नाही. कुण्णाला कळणार नाही. सकाळी शाळेत येईपर्यंत बाईंचा हाच बेत होता.

वर्गात शिरल्या तर प्रश्नपेटी फळ्याशी उभी. "बाई, मग मॅडमचं चूक होतं ना? मी सगळ्यांना सांगितलं, आपल्या बाईंचंच बरोबर."

दारातून हेडसर घाई करत होते. "बाई, साहेब आले हं! खिडक्या लावा." त्यांच्या मागे नवीन मॅडम पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मॅडमचं बरोबर आहे. माझं उलटं होतं. मी कापड उलट्या बाजूने टोचलं होतं."

"म्हणजे माझ्या दादाला पण उलटं शिकवलं?" प्रश्नपेटीने विचारलं.

"हो."

"आणि माझ्या बाबांना?" मागच्या बाकावरून आवाज आला. "ते पण तुमच्याच वर्गात होते."

"त्यांनाही. घरी जाऊन सांग त्यांना, बाई चुकल्या म्हणून."

"अहो, हे आत्ता कशाला?" हेडसर कपाळाला हात लावून कुजबुजले. "साहेब जिन्यात आहेत!"

"मग त्यांना हॉलमध्येच न्या. तंबू आहे अजून."

नवीन मॅडम काहीतरी बोलायला पुढे झाली. "बाई, कालच मी..."

"माहितीय मला," बाईंनी तिचं बोलणं तोडलं. "तुम्ही जा. मशीन गरम व्हायला वेळ लागतो ना?"

चौथीचा वर्ग पुन्हा तंबूत गेला. बाईंनी बाहेर थांबावं असं आज कुणी म्हटलं नाही आणि आत या असंही नाही. सगळी मुलं आत गेल्यावर त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि गुडघे टेकून त्या दारातून आत रांगल्या. आत त्या अगदी मागे कापडाला टेकून बसल्या. हेवा गेला नव्हता. वर अंधार झाला आणि एकेक तारा लागू लागला, हजारोंनी. आणि मग त्यांच्यामधून आकाशगंगेचा दुधी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळला. कुणालाही शिंक आली नाही. "ओऽऽ" झालं. बाईंच्या कानांना ते आतून फार मोठं वाटलं.

"आता मला सांगा," अंधारातून तो मऊ आवाज आला, "सप्तर्षी कोण दाखवेल?"

हात सळसळत वर झाले. बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की त्यांचाही वर झाला आहे. त्यांनी तो खाली घेतला नाही.